पेन्सिलीची नोंद

पावसाळा तोंडावर आला की गणपतीपुळ्यात मोबाइलची रेंज येते-जाते. गेल्या जूनमध्ये देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर मक्याची कणसं भाजणाऱ्या एका मावशींपाशी मी उभा होतो. माझ्या पुढे मुंबईहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यातल्या तरुणाने क्यूआर स्कॅन केला. फोनवरचं चक्र फिरत राहिलं आणि मग बँकेचा संदेश आला: १२० रुपये वजा. मावशींच्या टपरीवरचा साउंडबॉक्स गप्पच होता.

"माझे गेले हो मावशी."

"माझ्याकडं नाय आलेत."

दोघंही खरं बोलत होते. त्याच्या बँकेच्या वहीत पैसे गेले होते, त्यांच्या वहीत आले नव्हते. शेवटी त्याने खिशातली शंभराची आणि वीसची नोट काढून दिली. मावशींनी "उद्या आले तर परत देईन, नंबर देऊन जा" म्हटलं आणि प्रकरण मिटलं. ते मिटलं दोन माणसांच्या भलेपणावर. या लेखात मला बोलायचंय ते त्या मधल्या अवस्थेबद्दल, पैसे इथेही नाहीत आणि तिथेही नाहीत अशा त्या काही सेकंदांबद्दल. काही वर्षं मी सहकारी क्षेत्रातल्या संगणक विभागांत काम केलं आहे आणि माझं ठाम मत असं झालं आहे: यंत्र बंद पडतं, ते पडणारच. पण 'झालं' हा शब्द यंत्राने नेमका केव्हा उच्चारायचा, हे कुणीतरी माणूस ठरवतो. तो निर्णय ज्यांच्या पैशाचा आणि जमिनीचा असतो, त्यांना मात्र तो कधीच विचारला जात नाही.

संगणकशास्त्रात व्यवहाराची व्याख्या कडक आहे. एका खात्यातून वजा आणि दुसऱ्यात जमा, ही दोन कामं मिळून एक व्यवहार. तो पूर्ण तरी होतो किंवा झालाच नाही असा तरी राहतो. अर्धा व्यवहार हा अपूर्ण व्यवहार नसून खोटी नोंद असते. अमेरिकन संगणकतज्ज्ञ जिम ग्रे यांनी १९८१च्या एका निबंधात ही कल्पना नीट मांडली आणि १९९८मध्ये त्यांना याच कामासाठी ट्युरिंग पुरस्कार मिळाला. वीज गेली, डिस्क जळली, प्रोग्राम मध्येच कोसळला, तरी उठल्यावर वही अशी दिसली पाहिजे की जणू मध्ये काही घडलंच नाही.

हे साधतं कसं? याचं उत्तर कोकणातल्या माणसाला शिकवायला नको, कारण त्याच्या घरात सातबारा आहे.

जुन्या हस्तलिखित पद्धतीत जमीन विकली गेली किंवा वारस लागले की तलाठी थेट सातबाऱ्यावरचं नाव खोडत नसे. आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद होई: क्रमांक, तारीख, काय बदललं, कशाच्या आधारे. सातबाऱ्यावर तो क्रमांक आणि नवं नाव पेन्सिलीने लिहिलं जाई. संबंधितांना नोटिसा जात, १५ दिवस हरकतीची वाट पाहिली जाई, हरकत आली तर ती वादाच्या वेगळ्या नोंदवहीत चढे. मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करी आणि तेव्हाच पेन्सिलीवर शाई फिरे. जुनं नाव पुसलं जात नसे, त्याला कंस होई. आजही रत्नागिरीच्या कुठल्याही घरातला जुना सातबारा काढा, कंसातल्या नावांत मुंबईला गिरणीत गेलेले चुलत आजोबा सापडतील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये हीच रीत बांधलेली आहे.

डेटाबेसमध्ये तंतोतंत हेच घडतं. खात्याचा आकडा बदलण्याआधी तो बदल एका नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहून डिस्कवर पक्का केला जातो. व्यवहार पूर्ण झाला की शेवटी एक ओळ पडते: 'पक्का'. मूळ आकडे नंतर सवडीने बदलतात. मध्येच यंत्र कोसळलं तर उठल्यावर ते आधी ही फेरफार वही वाचतं. 'पक्का' शेरा असलेले बदल पुन्हा करतं, शेरा नसलेले मागे घेतं. या पद्धतीचं सर्वात पूर्ण रूप आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या सी. मोहन यांनी आयबीएममधल्या सहकाऱ्यांसोबत १९९२मध्ये प्रसिद्ध केलं. त्याचं नाव 'एरीज'. आजचे अनेक मोठे डेटाबेस त्या विचाराच्या पायावर उभे आहेत.

फरक आहेच. फेरफाराला माणूस प्रमाणित करतो आणि पंधरवडा घेतो, यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागात करतं. पण तत्त्व एकच: मूळ पान बदलण्याआधी बदलाची नोंद, आणि शाई फिरेपर्यंत कुणीही 'झालं' म्हणायचं नाही.

मावशींच्या टपरीवर जे अडकलं ते पेन्सिलीत अडकलं होतं. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात अशा पैशांसाठी मुदत घातली आहे. दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. हा नियम मला मोलाचा वाटतो, कारण अधांतरी व्यवहाराला तो शेवटची तारीख देतो. १२ एप्रिल २०२५ला यूपीआय देशभर काही तास कोलमडलं. त्याच्या कारणमीमांसेत पुढे आलं ते असं की, काही बँकांच्या यंत्रणा अधांतरी व्यवहारांबद्दल 'झालं का, झालं का' अशी विचारणा वारंवार करत राहिल्या आणि त्या विचारण्याच्या लोंढ्यानेच रस्ता अडला. त्यानंतर अशा चौकशांवर मर्यादा आल्या. एका टपरीवरची शंका कोटींनी गुणली की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं.

इथपर्यंतची गोष्ट एका यंत्राची झाली. कोकणात ती तिथे थांबत नाही, कारण इथे अख्खी जागाच जाते.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला भिडलं आणि दापोली, मंडणगडने त्याचा मार खाल्ला. पुढच्या मे महिन्यात तौक्ते रत्नागिरीच्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. तिथलं १८६४चं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५च्या पुरात भिजलं होतं, ते पुन्हा भिजलं. तिथल्या आगारात एसटीची रोकड वाचवायला आगारप्रमुख तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. पण रोकड टपावर नेता येते. खालच्या मजल्यावरचा सर्व्हर कोण नेणार?

म्हणून दूरची प्रत लागते. दूरच्या प्रतीचा विचार ज्या पाठ्यपुस्तकातून जगभरचे विद्यार्थी शिकतात, त्याच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, पवईच्या आयआयटीत प्राध्यापक आहेत. सिल्बरशाट्झ आणि कोर्थ हे इतर दोघं. त्या पुस्तकात दूरच्या प्रतीचा विचार करताना तीन पर्याय दिले आहेत आणि माझा सगळा युक्तिवाद त्या तिघांवर उभा आहे.

पहिला, 'वन-सेफ'. इथल्या यंत्राच्या लॉगमध्ये शेरा पडला की ग्राहकाला 'झालं' सांगायचं. दूरच्या जागी नोंद मागाहून पोचेल. हे वेगवान असतं, पण इथली जागा मधल्या क्षणी गेली तर 'झालं' म्हणून सांगितलेले काही व्यवहार कायमचे गेले. दुसरा, 'टू-व्हेरी-सेफ'. दोन्हीकडे शेरा पडल्याशिवाय तोंड उघडायचंच नाही. काही हरवत नाही, पण दोहोंपैकी एक जागा किंवा मधली वाट बंद पडली की सगळं काम ठप्प. तिसरा, 'टू-सेफ'. दोन्ही जागा चालू असतील तर दोन्हीकडे लिहायचं, दूरची बंद असेल तर एकटीवर चालवायचं.

यातला कोणता निवडायचा, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. खरं तर नुकसान कोणी सोसायचं, हा तो प्रश्न आहे. वन-सेफ निवडलं तर वेग संस्थेला मिळतो आणि हरवलेल्या नोंदीचा धोका ठेवीदाराकडे जातो. टू-व्हेरी-सेफ निवडलं तर धोका टळतो, पण पावसात रांगेत ताटकळायचं ठेवीदारानेच. दोन्ही निवडींची बाजू मांडता येते. माझी तक्रार अशी आहे की ही निवड बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस एका चौकोनात टिचकी मारून करून जातो आणि संचालक मंडळाच्या इतिवृत्तात तिचा एक शब्दही नसतो.

पिग्मीचं, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीचंच बघा. गावोगावच्या पतसंस्थांचे प्रतिनिधी सकाळी निघतात. हॉटेलवाले, नारळवाले, मच्छी विकणाऱ्या बायका, कुणाकडून ५० तर कुणाकडून २०० रुपये घेतात. हातातल्या छोट्या यंत्रात आकडा टाकतात, पावतीची चिठ्ठी देतात. अनेक ठिकाणी ते यंत्र संध्याकाळी शाखेत जोडलं की दिवसभराच्या नोंदी मुख्य वहीत चढतात. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती व्यवस्था वन-सेफ आहे. एकच यंत्र, एकाच पिशवीत, एकाच दुचाकीवर. पण जुन्या माणसांनी नकळत दुसरी प्रत करून ठेवली होती. ती चिठ्ठी आणि ते पासबुक. यंत्र खाडीत पडलं तरी मच्छीवालीच्या डब्यात तिची नोंद होती आणि तिच्यासमोर संस्थेला मान झुकवावी लागे. ठेवीदाराच्या घरातलं पासबुक ही सर्वात दूर ठेवलेली, सर्वात विखुरलेली आणि संस्थेच्या हाताबाहेर असलेली प्रत होती. आता बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीच्या जागी मोबाइलवर संदेश येतो, तोही कधी येतो, कधी नाही. पासबुक भरून घ्यायला कुणी जात नाही. कागद वाचवल्याचा आनंद आपण मानतो आणि ठेवीदाराच्या हातातली प्रत काढून घेतली हे विसरतो. मला हा बदल फार महागात पडणारा वाटतो.

पुढचा प्रश्न 'दूर' म्हणजे किती दूर? गणपतीपुळ्यापासून रत्नागिरी आरे-वारेच्या रस्त्याने साधारण २५ किलोमीटर. शाखा इथे आणि प्रत रत्नागिरीच्या मुख्य कार्यालयात, ही व्यवस्था मी पाहिली आहे. वादळाच्या दृष्टीने ही एकच जागा आहे. वारा तोच, मुसळधार तीच, बऱ्याचदा वीजवाहिनी आणि केबलही तीच. मुंबईला नेली तर २६ जुलै २००५ आठवावी: सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. घाटावर नेली तर किनारा सुटतो, पण ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाने सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना हादरवलं होतं हे विसरून चालणार नाही. म्हणून शेअर बाजारांनी आपली दुसरी जागा चेन्नई, हैदराबाद अशी घाटाच्या कितीतरी पलीकडे ठेवली. अंतराची किंमत मोजावी लागतेच. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे १००० किलोमीटरवर जाऊन परत यायला किमान १० मिलिसेकंद. मावशींच्या कणसाला ते जाणवणारही नाहीत, पण क्षणात हजारो सौदे करणाऱ्या बाजाराला जाणवतात. त्यावरचा तोडगा सुंदर आहे. तिथे जवळ एक तिसरी जागा ठेवतात, जिच्यात प्रत्येक नोंद लगेच उतरते, आणि दूरची जागा तिच्या मागून चालते.

जागा आहे, प्रत आहे, तरीही हातपाय गळतात. २४ फेब्रुवारी २०२१ला राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४०ला थांबला आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाला. दुसरी जागा असूनही काम तिकडे हलवलं गेलं नाही. सेबीने पुढच्याच महिन्यात नियम कडक केले: महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत दुसऱ्या जागेवरून काम चालू करायचं. २ मार्च २०२४च्या शनिवारी तर खास बाजार भरवून त्यातला काही वेळ दुसऱ्या जागेवरून खरे सौदे चालवले गेले. मला हे फार योग्य वाटतं. तालीम खऱ्या पैशावर झाली.

पण 'जाहीर करणं' सोपं नाही, आणि इथे मी थोडा थांबतो. दूरच्या प्रतीला मुख्य जागेकडून ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असा ठोका येत असतो. ठोका थांबला की काय समजायचं? मुख्य जागा बुडाली, की फक्त मधली तार तुटली? तार तुटलेली असताना दूरच्या जागेने कारभार हाती घेतला तर दोन्हीकडे वह्या उघड्या राहतात. एकच रक्कम दोनदा काढली जाते आणि नंतर कोणती वही खरी हे देवालाही सांगता येत नाही. म्हणून दोन जागांमध्ये एकाहून अधिक आणि एकमेकींपासून स्वतंत्र वाटा हव्यात, मुख्य जागेला खात्रीने गप्प करण्याची सोय हवी आणि अखेर निर्णय घेणारं नाव ठरलेलं हवं.

ज्या जिम ग्रे यांनी हे शास्त्र घडवलं, ते २८ जानेवारी २००७ला सॅन फ्रान्सिस्कोहून आपल्या शिडाच्या होडीने एकटेच समुद्रात गेले, आईच्या अस्थी विसर्जित करायला. ते परत आले नाहीत. तटरक्षक दलाने शोधलं, उपग्रहांच्या छायाचित्रांत हजारो लोकांनी शोधलं, होडीचा तुकडाही मिळाला नाही. जयगड ते हर्णै या किनाऱ्यावरच्या घरांना ही गोष्ट परकी नाही. होडी न परतलेल्या माणसाच्या शांततेचं काय समजायचं, यावर आपल्या पुराव्याच्या कायद्याने ७ वर्षांची मुदत घातली आहे. त्या घरातली बाई ती ७ वर्षं जगते. यंत्राला हाच निर्णय काही सेकंदांत घ्यायचा असतो. तो घाईने घेतला तरी नुकसान, रेंगाळला तरी नुकसान. अशा वेळी बुद्धीवर विसंबू नये, आधी केलेल्या तालमीवर विसंबावं.

ग्रे यांनी १९८५मध्ये टँडेम या कंपनीच्या यंत्रांच्या बंद पडण्याची कारणं तपासली होती. अपयशाला तोंड देण्यासाठीच बनवलेली ती यंत्रं होती, प्रत्येक भागाला जोडीदार असलेली. तिथेही सर्वाधिक, ४२ टक्के वेळा, यंत्रं व्यवस्थापनातल्या माणसांच्या हातून बंद पडली होती. यंत्रसामग्रीचा वाटा १८ टक्के, वीज-आगीसारख्या बाहेरच्या कारणांचा १४. वादळाची भीती घालून महागडी यंत्रं विकणाऱ्यांनी आणि ती घेणाऱ्यांनी हे आकडे शेजारी ठेवावेत.

माणसाची चूक दूरच्या प्रतीने थांबत नाही, उलट ती तिकडेही इमानाने पोचते. चुकून पुसलेलं खातं दुसऱ्या जागीही पुसलं जातं. खंडणीसाठी कुलूपबंद केलेली फाइल तिकडेही कुलूपबंद होते. जुलै २०२४च्या अखेरीस सी-एज या बँकांना सेवा देणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० छोट्या बँका एका फटक्यात देयक यंत्रणेपासून तोडाव्या लागल्या. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. म्हणून सोबत चालणाऱ्या प्रतीखेरीज कालची, गेल्या आठवड्याची, तारेपासून तोडून ठेवलेली प्रतही लागते. आणि अजिबात प्रत नसली तर? २६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा केंद्रात बॅटरीला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातला ८५८ टेराबाइट मजकूर जळाला. त्याची प्रत काढलेली नव्हती, कारण साठा फार मोठा आहे असं मानलं गेलं होतं. तंत्रज्ञानात इतक्या पुढे असलेल्या देशात हे घडलं.

आपल्याकडे २१ जून २०१२ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. त्या राखेने आपल्याला कागदाची प्रत हवी हे शिकवलं. प्रत वाचून बघावी लागते, हे मात्र अजून शिकायचं आहे.

एका संस्थेत मी स्वतः पाहिलं. रोज रात्री प्रत निघत होती, रजिस्टरवर सही होत होती, तीन वर्षं. ज्या दिवशी ती खरोखर लागली त्या दिवशी डिस्कवरची फाइल उघडेना. प्रत काढणाऱ्या मुलाची चूक नव्हती. त्याला काढायला सांगितलं होतं, उघडून बघायला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे १९ दिवस आम्ही ठेवीदारांना पासबुकं घेऊन बोलावलं आणि त्यांवरून खाती पुन्हा उभी केली. आज ती पासबुकं असती का, हा विचार मला झोपू देत नाही.

सातबारा संगणकावर चढला तेव्हा महसूल खात्याने एक शहाणपणाची गोष्ट केली होती: चावडी वाचन. संगणकातला सातबारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि लोकांनी सांगायचं, बरोबर की चूक. किती नावं गळली होती, किती क्षेत्रांची दशांशचिन्हं सरकली होती, ते तिथे निघालं. प्रत खरी आहे की नाही हे ज्यांची ती नोंद आहे त्यांच्यासमोर तपासलं गेलं. मला पतसंस्थांकडून, सहकारी बँकांकडून, ग्रामपंचायतींकडून नेमकं हेच हवं आहे. वर्षातून एकदा मुख्य यंत्र बंद करा. दुसऱ्या जागेवरून एक दिवस कारभार चालवा. शंभर ठेवीदार निवडा आणि त्यांच्या हातातल्या कागदाशी प्रत ताडून बघा. जे हरवलं ते जाहीर करा.

सहकार कायद्यानुसार संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर होतात. गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे, जयगड, कुठल्याही गावातल्या संस्थेचे तुम्ही सभासद असाल तर यंदा लाभांशाचा विषय संपल्यावर उभे राहा आणि तीन प्रश्न विचारा. आपली दुसरी प्रत कोणत्या गावात आहे? ती शेवटची कोणत्या तारखेला उघडून चालवून पाहिली? आणि मला 'जमा झाले' असा संदेश येतो, तेव्हा माझी नोंद एका जागी असते की दोन? मिळालेलं उत्तर तारखेसकट इतिवृत्तात लिहून घ्या, आणि तोवर आपलं पासबुक दर महिन्याला भरून घ्या.